फाईल माझी, ओटीपी कुणाचा?

प्रत्येक घरात एक पिशवी असते. कापडाच्या दुकानातून मिळालेली, जाड प्लॅस्टिकची, एक बंद तुटलेली. कपाटात साड्यांच्या खाली नाहीतर माळ्यावरच्या ट्रंकेत ती ठेवलेली असते. तिच्यात घरातल्या सगळ्यांच्या आजारपणाचे कागद. दहा वर्षांपूर्वीचा एक्स-रे, धाकट्याच्या लसीचं कार्ड, सासूबाईंचे रक्ताचे रिपोर्ट, कुणाच्या तरी चष्म्याच्या नंबरची चिठ्ठी. ही पिशवी सांभाळायचं काम कुणाचं? अर्थातच घरातल्या बाईचं!

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सासूबाई गावाहून आमच्याकडे नेरूळला आल्या होत्या. एका रात्री एकच्या सुमारास त्यांना सणसणून ताप भरला, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. रिक्षा करून जवळच्या हॉस्पिटलात नेलं. ड्यूटीवरच्या तरुण डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, ‘‘आजींना कुठल्या औषधाची ॲलर्जी आहे का?’’ आहे, हे मला माहीत होतं. काही वर्षांपूर्वी गावाकडे एका इंजेक्शनने त्यांचा चेहरा सुजला होता, अंगभर गांधी उठल्या होत्या. पण कुठल्या इंजेक्शनने? ते काही केल्या आठवेना. यांनाही आठवेना. आणि ती पिशवी? ती होती गावच्या घरी, माळ्यावर.

शेवटी जाऊबाईंना फोन लावला. सुदैवाने त्यांना जाग आली. बॅटरी घेऊन त्या माळ्यावर चढल्या, जुनं डिस्चार्ज कार्ड शोधलं आणि मोबाईलवर त्याचा फोटो पाठवला. डॉक्टरांनी तो मोठा करून वाचला आणि म्हणाले, ‘‘बरं झालं वहिनी, सांगितलंत. आम्ही याच गटातलं औषध सुरू करणार होतो.’’

सासूबाई बऱ्या झाल्या. पण मी त्यानंतर कितीतरी रात्री विचार करत होते, जाऊबाईंचा फोन बंद असता तर? त्या माहेरी गेलेल्या असत्या तर? एका माणसाचं बरंवाईट माळ्यावरच्या पिशवीवर अवलंबून असावं का?

म्हणूनच संगणकातल्या आरोग्य नोंदींबद्दल, म्हणजे आपल्या आजारपणाची फाईल कागदाऐवजी संगणकात ठेवण्याबद्दल, आज तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. मी डॉक्टर नाही, संगणकवालीही नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि संसारात पडले. पण आमच्या महिला मंडळातर्फे तुर्भ्याच्या वस्तीतल्या बायकांना घेऊन दवाखान्यांच्या पायऱ्या बरीच वर्षं चढतेय. तिथे जे दिसलं, त्यातूनच हे मत बनलंय.

आधी ही योजना काय आहे ते पाहू. २७ सप्टेंबर २०२१ रोजी केंद्र सरकारने ‘आयुष्मान भारत डिजिटल मिशन’ देशभर सुरू केलं. त्यात प्रत्येकाला ‘आभा’ नावाचा चौदा आकडी क्रमांक काढता येतो. बऱ्याच जणींना वाटतं, हे पाच लाखांच्या मोफत उपचारांचं कार्ड. तसं नाही बरं का! मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड वेगळं आणि आभा वेगळं. आभा म्हणजे फक्त आपल्या आरोग्याच्या कागदांना बांधणारा दोरा. कागद सरकारच्या एकाच मोठ्या पेटीत जाऊन पडत नाहीत. ज्या हॉस्पिटलने किंवा लॅबने केले, त्यांच्याकडेच ते राहतात, आणि या क्रमांकामुळे एकमेकांना जोडले जातात. दुसऱ्या डॉक्टरला ते पाहायचे असतील, तर आपल्या मोबाईलवर परवानगी मागितली जाते. कुणाला, कुठले कागद आणि किती दिवस दाखवायचे, हे आपण ठरवायचं. २०२२ पासून अनेक सरकारी रुग्णालयांत केसपेपरच्या खिडकीजवळ एक क्यूआर कोड लावलेला दिसतो. तो मोबाईलने स्कॅन केला की नाव-पत्ता आपोआप पोहोचतो आणि टोकन मिळतं. कडेवर तापाचं पोर घेऊन तासभर रांगेत उभी राहिलेली बाई याची किंमत जाणते.

याचे फायदे मला मनापासून पटतात. २६ जुलै २००५ आठवतो? सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेव्हा माझं लग्न नुकतंच झालं होतं. पनवेलला आमच्या ओळखीच्या एका काकूंच्या घरात छातीभर पाणी शिरलं. भांडीकुंडी नंतर धुऊन घेतली, पण काकांच्या हृदयाच्या ऑपरेशनची फाईल लगदा होऊन गेली. २०२१ च्या जुलैत चिपळूणमध्ये आणि त्याआधी २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात पूर आला, तेव्हा किती घरांतल्या पिशव्या अशाच वाहून गेल्या असतील! संगणकातला कागद निदान पुरात भिजत नाही.

दुसरा फायदा पैशांचा. डॉक्टर बदलला की तपासण्या पुन्हा. आठवड्यापूर्वीच रक्त तपासलंय म्हटलं, तर ‘रिपोर्ट कुठंय?’ आणि रिपोर्ट सापडत नाही. मग पुन्हा सुई, पुन्हा पैसे. धुण्याभांड्याची कामं करणाऱ्या बाईच्या महिन्याच्या पगारातला मोठा घास त्यात जातो. शिवाय अक्षराचा प्रश्न! डॉक्टरांचं अक्षर केमिस्टलाच कळतं, हा आपल्याकडे विनोदाचा विषय आहे, पण चुकीची गोळी पोटात गेली की त्यातला विनोद संपतो. छापील चिठ्ठी निदान वाचता येते.

आणि तिसरा फायदा खास आपल्या बायकांचा. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी करायची पद्धत आहे. सात महिने तपासण्या नवी मुंबईत, आणि बाळंतपण बीड नाहीतर जतला. नाक्यावर कामासाठी उभ्या राहणाऱ्या बायका तर पेरणीला गावी, सुगीनंतर परत इकडे. त्यांच्या बाळाचा एक डोस इथे, दुसरा तिथे, तिसरा कुठेच नाही, असं मी डोळ्यांनी पाहिलंय. कार्ड हरवलं की आई म्हणते, ‘‘दोनदा टोचलंय वाटतं.’’ आता गरोदर बायका आणि मुलांच्या लसींची नोंद ‘यू-विन’ या सरकारी प्रणालीत होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये ती देशभर सुरू झाली. गाव बदललं तरी पुढच्या दवाखान्यातल्या सिस्टरला मागचा डोस कळावा, हा तिचा हेतू. हेतू उत्तमच आहे.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण आपल्या नावातच आहे. पुरुषाचं नाव जन्मापासून सरणापर्यंत एकच. आपलं मात्र लग्नात तांदळाच्या ताटात बदलतं. माझंच घ्या. पदवीच्या कागदांवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार कार्डावर यांचं नाव आणि सासरचं आडनाव. पहिल्या बाळंतपणाच्या फाईलवर हौसेने लिहिलेलं तिसरंच नाव, जे लग्नात ठेवलं आणि वर्षभरात सगळे विसरले! संगणक म्हणतो, या तीन वेगळ्या बायका आहेत. वस्तीत तर वयाचाही गोंधळ असतो. रेशन कार्डावर एक जन्मसाल, आधारवर दुसरं. संगणकाला ‘अहो, ती हीच’ असं सांगून चालत नाही. मग बाईच्या तीन अर्धवट फाईली तयार होतात, आणि अर्धवट फाईल कधीकधी नसलेल्या फाईलपेक्षा जास्त फसवते. डॉक्टरला वाटतं, हिला काहीच त्रास नव्हता.

दुसरी अडचण याहून मोठी, आणि तिच्याबद्दल मला जास्त बोलायचंय. परवानगी मागणारा तो ओटीपी येतो कुणाच्या मोबाईलवर?

आमच्या मंडळातली एक जण. तिची नावगाव सांगत नाही. दोन मुलं आहेत, तिसरं नको म्हणून ती एका दवाखान्यात पाळणा लांबवण्याच्या इंजेक्शनची चौकशी करायला गेली. घरी सांगितलं नव्हतं, कारण नवरा आणि सासू दोघांनाही आणखी एक मुलगा हवा होता. खिडकीवर नंबर विचारला, तिने सवयीने नवऱ्याचा सांगितला. घरात तोच एक चांगला फोन. संध्याकाळी नवऱ्याच्या मोबाईलवर मेसेज आला, आपल्या भेटीची नोंद झाली आहे, अमुक विभाग, पुढची तारीख अमुक. रात्री त्या घरात काय झालं असेल, ते मी लिहायला नको. दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली ती डोक्यावरून पदर ओढूनच. म्हणाली, ‘‘ताई, कागुद असता तर मी चुलीत घातला असता.’’

ते वाक्य मला विसरता येत नाही. आपण म्हणतो, कागद हरवतो, भिजतो, फाटतो. पण कागद लपवताही येतो, आणि काही बायकांसाठी तेवढाच एक आधार असतो.

आता कायदा काय म्हणतो पाहा. आपल्या देशात सज्ञान बाईला गर्भपातासाठी नवऱ्याची संमती लागत नाही, तिची स्वतःची पुरते. १९७१ च्या त्या कायद्यात २०२१ मध्ये सुधारणा झाली आणि तिचं नाव व माहिती कायद्याने अधिकार नसलेल्या कुणालाही सांगणं हा शिक्षेचा गुन्हा ठरला. एड्सविषयीचा २०१७ चा कायदाही रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. कायद्याने एवढी कुंपणं घातली, आणि आपण खिडकीवर उभं राहून त्या कुंपणाच्या फाटकाची किल्ली म्हणून दुसऱ्याचा मोबाईल नंबर देऊन येतो!

काही जणी म्हणतील, ‘‘आमच्यात असं काही लपवण्यासारखं नसतं हो. यांचा फोन काय, माझा काय.’’ नसेल. तुमच्या घरात तसं असेल तर आनंदच आहे. पण लग्न ठरलेल्या मुलीला क्षयरोग होऊन गेला असेल, वहिनीला झोपेच्या आणि मनाच्या आजाराच्या गोळ्या चालू असतील, तर ते कुणाला कळावं आणि कुणाला नको, हे तिने ठरवायचं की ज्याच्या हातात फोन आहे त्याने?

तिसरी अडचण भरवशाची. संगणक बंद पडतो, हे आपल्या महाराष्ट्रानेच अनुभवलंय. राज्यातल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत बरीच वर्षं संगणकावर नोंदी होत होत्या. जुलै २०२२ मध्ये कंत्राटदाराबरोबरच्या देण्याघेण्याच्या वादातून ती प्रणाली बंद झाली. डॉक्टर पुन्हा कागद-पेनावर आले आणि रुग्णांच्या जुन्या नोंदी पाहायची पंचाईत झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या ‘एम्स’वर सायबर हल्ला झाला आणि एवढ्या नामांकित रुग्णालयाचं काम कित्येक दिवस हाताने चाललं. जून २०२३ मध्ये कोविड लसीच्या ‘कोविन’मधली माहिती टेलिग्रामवर मिळत असल्याच्या बातम्या आल्या. पोर्टल सुरक्षित आहे असं सरकारने सांगितलं, पण लोकांच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. माळ्यावरची पिशवी चोराने नेली तर एका घराची जाते. संगणकातलं गेलं तर गावंच्या गावं उघडी पडतात.

आणि हे सगळं टाईप कोण करणार? पुन्हा बायकाच! सिस्टर, आशाताई, अंगणवाडीताई. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते, ते आठवत असेल. फोन जुने, सतत बंद पडणारे, आणि माहिती भरायचं ॲप इंग्रजीत. तेव्हा काही जणांनी नाकं मुरडली, ‘यांना नवीन शिकायला नको.’ मला तर त्यांचं बरोबरच वाटलं. ज्या बाईने मुलाचं वजन करायचं, आईशी बोलायचं, तिने अर्धा दिवस नेटवर्क शोधत फिरायचं का? एकदा एका दवाखान्यात मी पाहिलं, सिस्टर आधी वहीत लिहीत होती, मग तेच संगणकात भरत होती. मी विचारलं तर म्हणाली, ‘‘साहेब वही मागतात, वरचे साहेब संगणक मागतात.’’ काम कमी व्हायच्या ऐवजी दुप्पट! डॉक्टरही पडद्याकडे बघत प्रश्न विचारतात, पेशंटच्या चेहऱ्याकडे बघायचं राहून जातं. पन्नाशीची बाई ‘पोटात दुखतं’ म्हणते तेव्हा तिच्या मनात काय दुखतंय, हे चेहऱ्यावरच लिहिलेलं असतं ना!

मग काय, ही फाईल नकोच म्हणायचं? नाही. मी तसं मुळीच म्हणत नाही. सासूबाईंची ती रात्र मी विसरलेले नाही. माझं म्हणणं एवढंच, की फाईल संगणकात जाऊ दे, पण तिची किल्ली बाईच्या हातात राहू दे. त्यासाठी सरकारने आणि रुग्णालयांनी काही गोष्टी करायला हव्यात. खिडकीवर ‘घरातला नंबर सांगा’ असं न म्हणता ‘तुमचा स्वतःचा नंबर आहे का, मेसेज पाठवला तर चालेल का’ असं विचारावं. नाजूक विभागाचं नाव मेसेजमध्ये लिहू नये. ज्या बाईकडे फोनच नाही, तिला छापील कागद द्यावा, आणि तोही तिच्याच हातात. माहेरचं आणि सासरचं नाव जोडायची सोय सोपी करावी. परवानगीचा मजकूर साध्या मराठीत असावा. आणि आभा क्रमांक ऐच्छिक आहे, हे मोठ्या अक्षरांत लिहावं. २०२१ मध्ये लस घ्यायला आधार दाखवलेल्या अनेकांचे आरोग्य क्रमांक त्यांना नीट कल्पना न देताच तयार झाल्याच्या तक्रारी होत्या. अशाने विश्वास बसत नाही, उडतो. २०२३ मध्ये देशात खासगी माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियमही आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू व्हायचे आहेत. पण कायदा पुस्तकातून खिडकीपर्यंत यायला वेळ लागतो, हे आपल्याला काही नवीन नाही.

तोपर्यंत आपण काय करायचं? मैत्रिणींनो, सगळ्यात आधी आपल्या आधार कार्डाला कुणाचा नंबर जोडलाय ते पाहा. आभा काढताना आधारचा ओटीपी त्याच नंबरवर येतो. नवऱ्याचा, दिराचा किंवा मुलाचा असेल आणि तुमच्याकडे साधा का होईना स्वतःचा फोन असेल, तर आधार केंद्रावर जाऊन तो बदलून घ्या. मुलीचा तर लग्नाआधीच करून ठेवा. आपण तिला मंगळसूत्र, भांडी, रुखवत सगळं देतो, त्यात तिच्या नावावरचं एक सिमकार्डही असू दे.

ओटीपी फोनवरून कुणालाही सांगू नका, मग समोरचा स्वतःला हॉस्पिटलचा माणूस म्हणवत असला तरी. दवाखान्यातून निघताना कागद मागून घ्या. त्यात लाजायचं कारण नाही. डॉक्टरांसाठीच्या २००२ च्या नियमांप्रमाणे भरती झालेल्या रुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपून ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. ‘‘मिळणार नाही’’ म्हणाले, तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि एक घरगुती उपाय. घरातल्या प्रत्येकासाठी एक कागद करा. त्यावर मोठ्या अक्षरांत रक्तगट, चालू असलेल्या गोळ्या, न चालणारी औषधं, झालेली ऑपरेशनं आणि जवळच्या दोन माणसांचे नंबर. आधार कार्डावर आहे तसंच नाव लिहा, आणि खाली माहेरचंही. एक प्रत पाकिटात, एक देवघराच्या खणात. आमच्या मंडळात आम्ही दर महिन्याच्या बैठकीत दोन-दोन बायकांचे असे कागद लिहून देतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलींना लिहायला बसवतो. पोरींना आईची औषधं पहिल्यांदाच कळतात.

इंजेक्शनची चौकशी करणाऱ्या त्या ताईचंही सांगते. मंडळाने तिला हप्त्याने एक साधा फोन घेऊन दिला. दवाखान्यात जाऊन तिचा नंबर बदलून घेतला, त्यासाठी दोन खेपा आणि एक छोटंसं भांडण करावं लागलं. इंजेक्शन घ्यायचं की नाही, हे आता तीच ठरवेल. मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही.

सासूबाईंची आभा आम्ही काढली. नंबर त्यांच्याच फोनचा दिला. गावी परत जाताना मी त्यांना म्हटलं, ‘‘आई, आता ती माळ्यावरची पिशवी टाकून द्यायला हरकत नाही.’’ त्या म्हणाल्या, ‘‘राहू दे गं. फोनचं चार्जिंग संपलं तर?’’

पिशवी अजून आहे. फक्त माळ्यावरून उतरून ती आता देवघराशेजारच्या कोनाड्यात आली आहे, जाऊबाईंच्या हाताला लागेल अशी.